किंडल अनलिमिटेड: पानामागे दहा पैसे. मराठी लेखकाने आत राहावं की बाहेर पडावं?

रामबागची_लेक
रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी इंदूरला राहते. बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. १९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली तेव्हा मी दहावीत होते. त्या गल्लीतल्या घरांचं पुढच्या दहा वर्षांत काय झालं, त्यावर मी कादंबरी लिहिली. लिहायला सहा वर्षं लागली. दोन प्रकाशकांकडे पाठवली. एकांचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्यांनी मनापासून कौतुक केलं आणि मग विचारलं, इंदूरच्या गिरण्यांबद्दल आमच्याकडे कोण वाचणार? शेवटी भाच्याने केडीपीवर, म्हणजे अॅमेझॉनच्या स्वतः ई-पुस्तक काढायच्या सोयीवर, टाकून दिली. किंमत ९९ रुपये. टाकताना त्याने सिलेक्टच्या चौकटीत खूण केली, म्हणजे नव्वद दिवस ई-पुस्तक फक्त अॅमेझॉनवरच ठेवायचं कबूल केलं, म्हणून ती किंडल अनलिमिटेड या महिन्याच्या वर्गणीवर वाचायच्या सेवेतही आहे.

आठ महिने झाले. विकत घेतली १९ जणांनी. अनलिमिटेडवर ११,२०० पानं वाचली गेली. त्यांच्या मोजणीत पुस्तक ४१२ पानांचं भरतं. या सगळ्या पानांचे मिळून मला साधारण अकराशे रुपये आले, म्हणजे पानाला दहा पैसे.

पैसे कमी म्हणून तक्रार नाही. पण हे दहा पैसे येतात कुठून, ते कोण ठरवतं, आणि पुस्तक बाहेर काढून आणखी चार ठिकाणी ठेवलं तर बरं की वाईट, हे मला कोणी नीट सांगितलेलं नाही. सिलेक्टची चालू नव्वद दिवसांची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. माझ्याकडे एक कथासंग्रहही तयार आहे, त्याचंही ठरवायचं आहे. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा.

---

हिशेबनीस
रविवार, रात्री १०:३०

ताई, दर आधी ठरतो आणि तुमच्या पानांना लागतो, असं बहुतेकांना वाटतं. होतं उलटं. कंपनी दर महिन्याला एक रक्कम बाजूला काढते, तिला ग्लोबल फंड म्हणतात. त्या महिन्यात सगळ्या लेखकांची मिळून किती पानं वाचली गेली ते पाहून ती वाटली जाते. आकडा साधारण पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास कळतो. म्हणून आज कोणी तुमचं पान वाचलं तर त्याचे किती मिळणार, हे आज कोणालाच माहीत नसतं.

पंगतीचं उदाहरण घ्या. श्रीखंडाचं पातेलं आधी ठरलं, माणसं नंतर येऊन बसली. माणसं वाढली की वाटी लहान होते. जुलै २०१५ मध्ये पानांप्रमाणे वाटप सुरू झालं तेव्हा फंड १ कोटी १५ लाख डॉलरचा होता आणि अमेरिकेत पानाला ०.५८ सेंटच्या जवळ दर पडला. त्यानंतर फंड वाढत वाढत पाच कोटी डॉलरच्या घरात गेला, पण पानाचा दर मात्र बहुतेक महिने अर्ध्या सेंटच्या खालीच राहत आला. पातेलं चौपटीहून मोठं झालं, पंगत त्याहून मोठी झाली.

पान म्हणजे छापील पान नव्हे. ते स्वतःच्या ठरावीक मांडणीने पुस्तक मोजतात, म्हणून अक्षर मोठं करून किंवा ओळींत जागा सोडून पानं वाढत नाहीत. एका वाचकाने एक पान पहिल्यांदा वाचलं तेवढंच धरलं जातं. त्याने पुस्तक पुन्हा वाचलं तर तुम्हाला आनंद होईल, पैसे मिळणार नाहीत.

आता तुमचा हिशेब. ११,२०० भागिले ४१२ म्हणजे २७ पूर्ण वाचनं. प्रत्यक्षात पन्नास जणांनी उघडलं असेल, काहींनी अर्ध्यात ठेवलं असेल. ते अहवालात दिसत नाही, फक्त पानांची बेरीज दिसते.

---

रामबागची_लेक
रविवार, रात्री १०:५१

पंगतीचं उदाहरण एकदम कळलं. पण मग पूर्ण वाचनाचे ४१ रुपये आणि विक्रीचे? विक्रीतून जास्त येतात ना?

---

हिशेबनीस
रविवार, रात्री ११:१५

येतात, पण इथेच मोठी मेख आहे. भारतात ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक सिलेक्टमध्ये असावंच लागतं. ब्राझील, जपान आणि मेक्सिकोलाही हीच अट आहे. सिलेक्टमधून बाहेर पडलात की इथल्या विक्रीवर ३५ टक्के.

९९ रुपयांच्या पुस्तकावर कर आणि फाइलच्या आकाराप्रमाणे लागणारा डिलिव्हरी खर्च जाऊन आज तुमच्या हाती पंचावन्न-साठ रुपये येत असतील. बाहेर पडल्यावर तेच तीसच्या आत येतील. म्हणजे नुसती अनलिमिटेडची पानं जात नाहीत, त्याच दुकानातली विक्रीही निम्म्या भावाची होते. बाहेर पडा असा सल्ला इंग्रजी लेखक देतात, तो अमेरिकेत बसून दिलेला असतो. तिथे सिलेक्टमध्ये नसतानाही ७० टक्के मिळतात. आपल्याकडे तो सल्ला तसाच्या तसा लागू पडत नाही.

---

कंपूवाला
सोमवार, सकाळी ८:०५

ग्वाल्हेरहून लिहितो आहे. हिशेबनीस काकांनी म्हटलं त्यात एक भर. पानाचा दर देशागणिक वेगळा असतो. भारतातल्या वाचकाने पान उलटलं तर दहा पैशांच्या आगेमागे, अमेरिकेतल्या वाचकाने उलटलं तर अर्ध्या सेंटपेक्षा थोडं कमी, म्हणजे तीस-पस्तीस पैसे किंवा वर. तेच पान, तीच कादंबरी, तिप्पट-चौपट पैसे. अहवालात देशाप्रमाणे गाळून बघता येतं.

माझं पुस्तक शिंद्यांच्या काळातल्या ग्वाल्हेरच्या गायकीवर आहे. माझ्या पानांपैकी पाचवा हिस्सा अमेरिकेतून येतो आणि निम्मे पैसे तिथून येतात. इंदूर-ग्वाल्हेरची किती मुलं बाहेर गेली आहेत! त्यांच्या आईवडिलांना सांगा, ते मुलांना सांगतील. मी तेवढंच केलं होतं.

---

नर्मदाकाठ
सोमवार, दुपारी १:२०

मी कवी आहे. या पद्धतीबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझ्या संग्रहात ५२ कविता आहेत. त्यांच्या मोजणीने ६१ पानं. कोणी संग्रह पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला तर मला सहा रुपये मिळतात. त्यातल्या एका कवितेवर मी दोन पावसाळे घालवले आहेत. शेजारी कोणी सहाशे पानांची कौटुंबिक कादंबरी लिहितो, त्याला साठ रुपये. लांबीवर किंमत ठरवायची तर कवितेने करायचं काय? कविता माणूस एकदा वाचत नाही, दहादा वाचतो, आणि दहादा वाचण्याला इथे किंमतच नाही.

छापील पुस्तकाची बाजू विचाराल तर तीही भोगली आहे. एका प्रकाशकाने ४५ हजार घेऊन ३०० प्रती काढून दिल्या. २१० अजून माळ्यावर आहेत. त्यांनी वितरणाचा शब्द दिला होता, ते वितरण कधी झालं नाही.

---

सयाजीगंज
सोमवार, दुपारी ३:४०

नर्मदाकाठ, तुमचं दुःख खरं आहे आणि उत्तर कोणाकडे नाही. पण ही पद्धत अशी का झाली ते सांगतो, कारण मी पहिल्यापासून बघतो आहे.

किंडल अनलिमिटेड अमेरिकेत जुलै २०१४ मध्ये आलं, भारतात सप्टेंबर २०१५ मध्ये. सुरुवातीला नियम वेगळा होता. वाचकाने पुस्तकाचा दहावा हिस्सा ओलांडला की लेखकाला एक ठरावीक रक्कम, मग पुस्तक ६० पानांचं असो की ६०० चं. त्या नियमात कवी आणि कथाकार सुखी होते. पण लोकांनी काय केलं? वीस-वीस पानांच्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका संपली की दहा टक्के झाले! मोठी कादंबरी लिहिणारे ओरडू लागले. म्हणून १ जुलै २०१५ पासून पानं मोजायला लागले. मग काहींनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर दुवा ठेवून वाचकाला थेट शेवटच्या पानावर न्यायचं काढलं, म्हणजे मधली सगळी पानं वाचल्यासारखी धरली जायची. शेवटी एका वाचकाकडून एका पुस्तकाची जास्तीत जास्त ३,००० पानंच धरायची अशी मर्यादा आली. आजच्या नियमामागे कोणाचं तरी खोटं आहे, आणि त्याची शिक्षा तुम्हाला मिळते आहे.

दुसरी गोष्ट. सगळा धोका लेखकांवर टाकणारी ही फंडाची पद्धत टिकली, आणि लेखकाला पूर्ण भाव देणाऱ्या सेवा टिकल्या नाहीत. ऑयस्टर नावाची सेवा २०१३ मध्ये निघाली. वाचकाने पुस्तक ठरावीक हिश्शापलीकडे वाचलं की प्रकाशकाला विक्रीसारखे पैसे द्यायची. २०१५ मध्ये तिने बंद होणार म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी स्क्रिब्ड या तशाच सेवेने आपल्या यादीतून प्रणयकथांची ढीगभर पुस्तकं काढून टाकली, कारण त्या वाचणाऱ्या बायका महिन्याला इतकं वाचत होत्या की त्यांची वर्गणी पुरेना. विचार करा, वाचनसेवेला जास्त वाचणारा वाचक परवडत नाही! फंड आधीच ठरलेला असला की कंपनीला ती भीती राहत नाही. वाचक कितीही वाचोत, वाटायची रक्कम तेवढीच.

आता माझ्या कामाचं. मी वडोदऱ्याला असतो, मराठीत रहस्यकथा लिहितो. तोच पोलीस अधिकारी, दर वेळी वेगळं प्रकरण. नऊ पुस्तकं झाली, प्रत्येक १४०-१५० पानांचं. एकटं पुस्तक असताना मला महिन्याला शंभर-दीडशे रुपये यायचे. चौथ्या पुस्तकानंतर चित्र बदललं. ज्याला पहिलं आवडतं तो रात्रीत दुसरं घेतो, कारण त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. विकत घ्यायचं असतं तर दुसऱ्याला तो विचार करतो. अनलिमिटेडचा वाचक विचार करत नाही, फक्त पुढचं उघडतो. म्हणून माझ्या पहिल्या पुस्तकाचा खरा उपयोग वाचकाला दुसऱ्यापर्यंत नेणं हा आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण नाही, फक्त दोन ओळी आणि दुवा ठेवतो. आता महिन्याला साडेतीन ते चार हजार येतात. यावर घर चालत नाही. पण रहस्यकथा लिहून मराठीत नियमित दरमहा काही येतं, हे माझ्या वडिलांना खरं वाटलं नसतं.

रामबाग ताई, तुमची कादंबरी एकटी आहे. ती याच पद्धतीत मागे पडणार, त्यात तुमचा दोष नाही.

---

छप्पनवाला
सोमवार, संध्याकाळी ७:१०

ताई, मीपण इंदूरचाच. एक चूक सांगतो जी मी केली, तुम्ही करू नका.

माझी प्रेमकथा मी आधी एका अॅपवर भागाभागाने टाकत होतो. ६४ भाग झाले. वाचक खूप होते, नाणी देऊन स्टिकर पाठवायचे. भिया लोक म्हणाले याचं पुस्तक कर. केलं, आणि भाच्याने केलं तसंच खूण करून सिलेक्टमध्ये टाकलं. अॅपवरचे भाग तसेच ठेवले. तीन आठवड्यांत ईमेल आला की तुमचा मजकूर दुसरीकडे उपलब्ध आहे, काढा नाहीतर कारवाई होईल. नियम मी वाचलाच नव्हता. सिलेक्टमध्ये असताना ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही डिजिटल रूपात, फुकटसुद्धा, असू नये. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत चालतं.

भाग काढले तर अॅपवरचे वाचक रागावले, न काढले तर पुस्तक जातं. दोन रात्री झोपलो नाही. शेवटी पुस्तक सिलेक्टमधून काढलं आणि भाग ठेवले. माझ्यासारख्या रोज एक भाग लिहिणाऱ्याला प्रतिलिपीसारखं अॅपच बरं, असं माझं आजचं मत आहे. तिथला वाचक रोज रात्री वाट बघतो, खाली लिहितो, चुकलं की भांडतो. किंडलवर पानं दिसतात, माणूस दिसत नाही.

---

रामबागची_लेक
सोमवार, रात्री ९:००

छप्पनवाला, तू हे लिहिलंस म्हणून मी वाचले. माझ्या कथासंग्रहातल्या सात कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत आणि दोन मी स्वतःच्या ब्लॉगवर ठेवल्या आहेत. म्हणजे संग्रह सिलेक्टमध्ये नेता येणार नाही का?

---

हिशेबनीस
सोमवार, रात्री ९:२५

छापील दिवाळी अंक चालतो. एकाधिकार फक्त ई-पुस्तकापुरता आहे. छापील आवृत्ती, ध्वनिपुस्तक, कशालाही आडकाठी नाही. मात्र त्या अंकाची ई-आवृत्ती विक्रीला असेल तर संपादकांशी बोलून घ्या. ब्लॉगवरच्या दोन कथा काढाव्या लागतील.

काढा म्हणून सांगत नाही. ब्लॉगवर तुमचे वाचक असतील तर त्यांची किंमत पानाला दहा पैशांपेक्षा जास्त आहे.

---

जुनी_इंदूर
सोमवार, रात्री ११:४८

मी निवृत्त आहे. खजुरी बाजारात तीस वर्षं टाइपसेटिंग केलं. आज दुपारी रामबागच्या लेकीची कादंबरी अनलिमिटेडवर उघडली आणि आत्ता खाली ठेवली. १८६ व्या पानावर आहे. संपावर गेलेल्या रात्रीचं प्रकरण वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. माझा थोरला भाऊ राजकुमार मिलमध्ये होता.

पण मुली, तुझ्या फाइलमध्ये एक रोग आहे आणि तो तुझे पैसे खातो आहे. ‘दुसर्या’, ‘वार्यावर’, ‘सुर्या’, ‘कामगार्यांच्या’. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ मधला र वर चढून रफार झाला आहे. तू मूळ मजकूर श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केला असशील आणि मग कोणीतरी परिवर्तकातून तो युनिकोडमध्ये काढून दिला असेल. परिवर्तकाला आपला ऱ्य कळला नाही. हिंदी काम करणाऱ्यांना तो दिसतही नाही, कारण त्यांच्या भाषेत तो नाही. इंदुरात ही अडचण जन्मापासून आहे. आम्ही खिळे जुळवायचो तेव्हाही मराठी पुस्तकाला ऱ्य चे खिळे वेगळे मागवावे लागत.

शिवाय ‘कामगार्यांच्या’ हा शब्दच चुकीचा आहे. तिथे ‘कामगारांच्या’ हवं. परिवर्तकानंतर कोणी वाचलं नाही हे त्यावरून कळतं.

वर सगळ्यांनी दराबद्दल लिहिलं. दर तुझ्या हातात नाही. फंड, नियम, देश, काहीच हातात नाही. हातात आहे ते एवढंच, की वाचकाने पुढचं पान उलटावं. विकत घेतलेल्या पुस्तकात शंभर चुका असल्या तरी पैसे आधीच आलेले असतात. इथे वाचक अठराव्या पानाला कंटाळून थांबला तर त्याने १८ पानांचे पैसे दिले, एक रुपया ऐंशी पैसे. मराठी शाळेत शिकलेली बाई पहिल्या प्रकरणात पाच ‘दुसर्या’ बघून पुस्तक मिटते. मी मिटणार होतो. गल्लीचं वर्णन आलं म्हणून थांबलो.

---

रामबागची_लेक
मंगळवार, सकाळी ६:३०

काका, हे वाचून मी रात्रीच फाइल उघडली. तुम्ही म्हणता तसं आहे. शोधा-बदलाने शोधलं तर ‘र्या’ ७४० जागी सापडला. पण सगळे आंधळेपणाने बदलता येत नाहीत, ‘सूर्या’, ‘कार्यालय’, ‘पर्याय’ यांत तो बरोबरच आहे. एकेक बघावा लागेल. आठ महिने हे लोकांनी वाचलं आणि कोणी बोललं नाही, याचं फार वाईट वाटतंय. आणि तुम्ही ते सोसून १८६ पानांपर्यंत आलात, याचं काय म्हणावं ते कळत नाही.

---

कंपूवाला
मंगळवार, सकाळी ९:१२

काकांच्या प्रतिसादाला +१००. माझ्या फाइलमध्ये ‘ॲ’ ऐवजी चौकोन आला होता. वर्डमधून टाकल्यावर फोन, टॅब आणि किंडल या तिन्हींवर उघडून बघा. मराठीसाठी पीडीएफ मुळीच देऊ नका, त्यातली अक्षरं फुटतात.

---

सयाजीगंज
मंगळवार, सकाळी १०:०५

दुरुस्त फाइल चढवली तरी आधी उतरवून घेतलेल्यांकडे जुनीच राहते, हे लक्षात ठेवा. म्हणून घाई करू नका, सगळं एकदाच नीट करा. अर्धवट दुरुस्ती तीनदा चढवण्यात काही हशील नाही.

---

हिशेबनीस
मंगळवार, दुपारी २:५०

कराचं कोणी विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. खात्यात कर-माहितीचा अर्ज असतो, त्यात पॅन क्रमांक भरा. अमेरिकेतल्या वाचकांकडून येणाऱ्या रॉयल्टीवर तिथे कर कापला जातो. पॅन भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर १५ टक्के, नाही मागितला तर ३० टक्के. कंपूवाल्यांसारखे निम्मे पैसे तिकडून येत असतील तर हा फरक लहान नाही.

पैसे महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी खात्यात येतात. जानेवारीची पानं, मार्चअखेर पैसे. पहिल्या दोन महिन्यांत काही आलं नाही म्हणून कोणी घाबरू नये.

---

नर्मदाकाठ
मंगळवार, रात्री ८:३५

रात्रभर विचार केला. सयाजीगंज यांनी सांगितलेला इतिहास मला माहीत नव्हता. राग गेला नाही, पण तो कोणावर काढायचा ते आता कळलं.

मी संग्रह सिलेक्टमधून काढतो आहे. सहा रुपयांसाठी माझ्या कविता एका दुकानात कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. एकाधिकार सुटला की बुकगंगावर ठेवता येईल, गूगलच्या पुस्तक-दुकानात ठेवता येईल, आणि कोणाला ईमेलने पाठवावासा वाटला तर पाठवता येईल. कवितेचा वाचक मला असाच भेटत आला आहे. महाराष्ट्र साहित्य सभेत वाचन झालं की दोघेतिघे थांबतात आणि विचारतात, ही कुठे मिळेल? त्यांना उत्तर देता आलं पाहिजे. मी आवाजातही कविता नोंदवणार आहे, तीस मिनिटांचं होईल.

रामबाग ताईंनी मात्र बाहेर पडू नये असं मला वाटतं. कादंबरीचं गणित वेगळं आहे.

---

जुनी_इंदूर
मंगळवार, रात्री १०:२०

एक आठवण लिहितो, विषयाला धरून आहे. इंदुरात मराठी साहित्य संमेलन तीनदा झालं, १९१७, १९३५ आणि २००१. २००१ ला मी पुस्तकांच्या दालनात मदतीला होतो. लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेत होते. देवासचे, उज्जैनचे, धारचे लोक. एक आजी मला म्हणाल्या, आता पुन्हा पुस्तकं कधी येणार? त्यांना संमेलन कधी येणार असं विचारायचं नव्हतं.

आज त्या आजींच्या नातीकडे फोन आहे. तिला मराठी पुस्तकाच्या दुकानापर्यंत जावं लागत नाही, पुस्तक पुण्याहून मागवावं लागत नाही, महिन्याची वर्गणी भरली की झालं. लेखकाला यातून कमी मिळतं हे खरं. पण मालव्यात मराठी पुस्तक वाचकाच्या हातात पडणं इतकं सोपं माझ्या आयुष्यात कधीच नव्हतं. म्हणून कादंबरी आत ठेव, मुली.

---

छप्पनवाला
मंगळवार, रात्री ११:०२

काका, हे वाचून आजीची आठवण आली. तिच्या फोनवर उद्या टाकून देतो.

---

रामबागची_लेक
रविवार, संध्याकाळी ६:१५

आठवड्यानंतर लिहिते आहे. ७४० पैकी ६१२ जागा बदलल्या, बाकीच्या बरोबर होत्या. तीन रात्री लागल्या. भाच्याने तिन्ही उपकरणांवर तपासून दिलं आणि शुक्रवारी नवी फाइल चढवली. पॅनचा अर्जही भरला, तो रिकामाच होता.

ठरलं ते असं. कादंबरी पुढचे नव्वद दिवस आतच ठेवणार. कथासंग्रह सिलेक्टमध्ये नेणार नाही, ब्लॉगवरच्या दोन कथा मला काढायच्या नाहीत. त्यावर आलेली पत्रं मी जपून ठेवली आहेत. तो बुकगंगावर जाईल आणि थोड्या प्रती छापून घेईन, पण आधी पैसे मागणाऱ्याकडून नाही. सयाजीगंज दादांचं मालिकेचं डोक्यात राहिलं आहे. त्या गल्लीतल्या तीन घरांबद्दल पहिल्या पुस्तकात लिहायचंच राहिलं होतं. एका घराचं पहिलं प्रकरण काल सुरू केलं.

आणि एक विचारायचं होतं. आज सकाळी अहवालात काल एका दिवसात ३९४ पानं दिसत आहेत. एरवी दिवसाला चाळीस-पन्नास असतात. हे काही चुकलं आहे का?

---

सयाजीगंज
रविवार, संध्याकाळी ७:०३

चुकलेलं नाही. किंवा चार-पाच जणांनी थोडं थोडं वाचलं असेल, किंवा कोणीतरी इंटरनेट बंद ठेवून प्रवासात वाचलं आणि काल फोन जोडला. पानं जोडणी झाल्यावर एकदम चढतात. माझ्याकडे दिवाळीच्या सुट्टीनंतर नेहमी असं होतं.

---

जुनी_इंदूर
रविवार, रात्री ९:३०

त्यातली २२६ माझी आहेत. नातीकडे महूला गेलो होतो, तिथे नेट नव्हतं. काल परत आलो.

संपवली. ३०८ व्या पानावर मालवा मिलच्या भोंग्याची वेळ तपासून घे. माझ्या आठवणीत सकाळचा पहिला भोंगा तू लिहिला आहेस त्याच्या अर्धा तास आधी व्हायचा. भावाची बायको आहे अजून, तिला विचारून उद्या सांगतो.